बोअरच्या थ्री फेज पॅनेलमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवताना: तयारी, जोडणीचा क्रम आणि तपासण्या

लातूर, धाराशिव, बीड, जालना या पट्ट्यात बोअरवरची पॅनेल उघडली की एक गोष्ट वारंवार दिसते. कंट्रोलर जागेवर असतो, त्याचा दिवाही लागलेला असतो, पण आउटपुटच्या दोन टर्मिनलांमध्ये वायरचा एक तुकडा अडकवून त्याला कामातून काढलेले असते. 'सारखा ट्रिप मारायचा' एवढेच कारण मालक सांगतो. त्यानंतर एखाद्या रात्री एक फेज जातो, मोटर दोन फेजवर घुरघुरत राहते आणि सकाळी रिवाइंडिंगसाठी बोअरमधून पाइप उपसावे लागतात. बहुतेक वेळा दोष कंट्रोलरमध्ये नसून जोडणीत किंवा सेटिंगमध्ये असतो. काम ज्या क्रमाने व्हायला हवे त्या क्रमाने झालेले नसते, म्हणून पुढील टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्यावेत.

येथे तीन ते दहा एचपीची सबमर्सिबल मोटर, डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर आणि फेज जाणे, ओव्हरलोड, ड्राय रन (पंप पाण्याविना चालणे) व ऑटो स्टार्ट या सोयी असलेला कंट्रोलर गृहीत धरला आहे. स्टार-डेल्टा (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे. टर्मिनलांचे क्रमांक प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे त्याबाबतीत कंट्रोलरसोबत आलेली आकृतीच अंतिम मानावी. हे काम परवानाधारक वायरमनने किंवा त्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. पॅनेलच्या मालकाने मात्र लेख पूर्ण वाचावा, कारण शेवटच्या तपासण्या त्यानेच समोर उभे राहून करून घ्यायच्या आहेत.

१. पॅनेलला हात लावण्यापूर्वी कागदावर आकृती काढणे

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. सध्याच्या स्टार्टरची कंट्रोल वायरिंग वायर न वायर पाहून कागदावर उतरवून घ्यावी. साध्या डीओएल स्टार्टरमध्ये ती साधारणपणे अशी असते: एका फेजवरून वायर निघून स्टॉप बटणात जाते, तेथून स्टार्ट बटणात, मग कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलच्या ए१ टर्मिनलवर, ए२ वरून ती ओव्हरलोड रिलेच्या ९५-९६ या एनसी (एरवी जुळलेल्या) कॉन्टॅक्टमधून दुसऱ्या फेजवर जाते. स्टार्ट बटणाला समांतर असा कॉन्टॅक्टरचा १३-१४ हा होल्डिंग कॉन्टॅक्ट (स्टार्टवरून बोट उचलल्यावरही कॉइल चालू ठेवणारा) असतो. तुमच्या पॅनेलमध्ये हा क्रम वेगळा असू शकतो आणि पूर्वी कोणी दुरुस्तीच्या घाईत तो बदललेलाही असू शकतो. म्हणून अंदाजाने काहीही लिहू नये.

त्यानंतर चार गोष्टी वाचून त्याच कागदावर नोंदवाव्यात.

कॉइलचा व्होल्टेज. तो कॉइलवरच छापलेला असतो. शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये बहुधा ४१५ व्होल्टची कॉइल असते, तर कारखान्यातून आलेल्या जुन्या पॅनेलमध्ये २३० व्होल्टचीही सापडते.

कंट्रोलरचा सप्लाय. काही कंट्रोलर दोन किंवा तीन फेजवर थेट चालतात, तर काहींना फेज आणि न्यूट्रल असे २३० व्होल्ट लागतात.

कंट्रोलरच्या आउटपुट रिलेची क्षमता. येथे दोन आकडे असतात आणि लोक एकच वाचतात. '५ अँपिअर' हे लक्षात राहते, पण त्यापुढचे '२५० व्होल्ट एसी' सुटून जाते. असा कॉन्टॅक्ट ४१५ व्होल्टच्या कॉइलला थेट जोडला, तर तो उघडताना आत ठिणगी लांबते आणि काही दिवसांत कॉन्टॅक्टची टोके चिकटतात. कॉन्टॅक्ट चिकटलेला कंट्रोलर ट्रिपचा दिवा दाखवतो, पण मोटर बंद करत नाही. शिवाय ५ अँपिअर हा आकडा बहुधा साध्या रोधक लोडसाठी दिलेला असतो. कॉइलसारख्या प्रेरकीय लोडसाठी क्षमता त्याहून कमी असते.

मोटरच्या नेमप्लेटवरचा फुल लोड करंट. मोटर बोअरमध्ये असल्यामुळे प्लेट पाहता येत नसेल, तर खरेदीच्या वेळी मिळालेल्या पुस्तिकेत तो असतो. 'एचपीला दीड अँपिअर' हा हिशेब पडताळणीपुरता ठीक आहे. सेटिंग त्यावर करू नये.

तपासणी: नवीन आकृतीत कॉइलपर्यंत जाणारी वाट बोटाने फिरवून पाहावी. त्या वाटेवर स्टॉप बटण, ओव्हरलोडचा ९५-९६ आणि कंट्रोलरचा कॉन्टॅक्ट हे तिन्ही एकापाठोपाठ यायला हवेत. यांतील एकालाही वळसा घालून वाट कॉइलपर्यंत पोहोचत असेल, तर आकृती चुकली आहे.

२. जागा आणि सामान

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतले तापमान ४० अंशांच्या वर जाते. उघड्यावर उन्हात असलेल्या पत्र्याच्या पेटीत ते त्याहून बरेच जास्त असते. बऱ्याच कंट्रोलरची मर्यादा ५० ते ५५ अंश एवढीच असते आणि ती मर्यादा पेटीच्या आतल्या हवेची असते. त्यामुळे पेटीवर छप्पर नसेल तर आधी ते करून घ्यावे आणि पेटीचे तोंड शक्यतो उत्तरेला ठेवावे. पेटीत कंट्रोलर वरच्या बाजूला बसवण्याचा मोह होतो, कारण जागा तेथेच मोकळी असते. पण कॉन्टॅक्टरची उष्णता वरच चढते. त्याची जागा खाली किंवा बाजूला, कॉन्टॅक्टरपासून हातभर नसले तरी चार बोटे दूर असावी.

सामान कामाला लागण्यापूर्वीच जवळ असावे: कंट्रोलसाठी १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची बहुतारी वायर, त्या मापाचे पिन लग आणि क्रिंपिंग पक्कड, क्रमांकाचे फेरूल, फ्यूज होल्डरसह २ अँपिअरचे फ्यूज, केबल ग्लँड, डीआयएन पट्टी, टर्मिनल ब्लॉक, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे मीटर). लगशिवाय वायरचे उघडे तार पिळून टर्मिनलात घातले, तर एखादा तार बाहेर राहतो आणि शेजारच्या टर्मिनलला टेकतो. कंट्रोलरची टर्मिनले एकमेकांच्या इतकी जवळ असतात की त्यासाठी एक तारही पुरतो.

३. वीज खात्रीने बंद करणे

सावधान: 'लाइट गेली आहे' म्हणजे वीज बंद केली असे नव्हे. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाइट ठरावीक तासच असते, ती गेली की लोक पॅनेल उघडून बसतात आणि ती मध्येच परत येते. मोबाईल स्टार्टर किंवा ऑटो स्विच आधीपासून असेल, तर लाइट येताच मोटरही सुरू होते. स्टॉप बटण दाबणे हेही वीज बंद करणे नव्हे, कारण कॉन्टॅक्टरच्या वरच्या टर्मिनलांवर तिन्ही फेज तसेच उभे असतात.

मेन स्विच बंद करावा, तिन्ही फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवावेत, स्विचला कुलूप लावावे आणि 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवावी. त्यानंतर मीटरने तपासावे. आधी चालू असलेल्या एखाद्या ठिकाणी मीटर लावून तो नीट दाखवतो याची खात्री करावी, मग पॅनेलच्या इनकमिंगवर प्रत्येक दोन फेजांमध्ये आणि प्रत्येक फेज व बॉडीमध्ये मोजावे, आणि शेवटी पुन्हा चालू ठिकाणी मीटर लावून पाहावा. मधल्या काळात मीटरची बॅटरी संपली किंवा प्रोब तुटला, तर तो 'शून्य' दाखवतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. पेनासारखा टेस्टर या कामाला पुरेसा नाही. लाइट गेलेली असताना मुळात काहीच सिद्ध होत नाही, म्हणून कामाची सुरुवात लाइट असतानाच, स्विच बंद करून करावी.

कॅपॅसिटर बसवलेला असेल तर पाच मिनिटे थांबावे आणि त्याच्या टोकांवर मीटर लावून चार्ज उतरल्याची खात्री करावी. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची पद्धत कॅपॅसिटर आणि हात दोन्हींसाठी वाईट आहे.

मोटरच्या केबलचा मेगर घ्यायचा तो याच टप्प्यावर, कंट्रोलर जोडण्यापूर्वी. केबल स्टार्टरवरून सोडवून प्रत्येक कोर आणि अर्थ यांच्यामध्ये मोजावे. वाचन १ मेगाओहमच्या खाली असेल, तर आधी मोटर व केबलचा दोष शोधावा. कंट्रोलर जोडल्यानंतर मेगर लावला, तर ५०० व्होल्ट थेट त्याच्या सर्किटमध्ये जातात आणि नवा कोरा कंट्रोलर पहिल्याच दिवशी निकामी होतो.

४. पॅनेलमध्ये कंट्रोलर बसवणे

भोके पाडायची असतील तर कंट्रोलर पेटीबाहेर ठेवूनच पाडावीत आणि कॉन्टॅक्टर व रिलेवर ओला नसलेला जाड कापड बांधावा. ड्रिलचा लोखंडी चुरा ब्रशने आणि चुंबकाने काढावा. फुंकर मारली की तो कॉन्टॅक्टरच्या आत जातो.

दारावर कंट्रोलर बसवत असाल, तर दारापर्यंत जाणाऱ्या वायरी एकत्र बांधून बिजागरीजवळ त्यांना पुरेसा वळसा ठेवावा आणि दार पूर्ण उघडून-मिटून पाहावे. दाराला अर्थची वेगळी लवचीक पट्टी हवी. गंजलेल्या बिजागरीतून अर्थ मिळेल असे मानू नये.

केबल आत येण्याच्या भोकांना ग्लँड लावावेत आणि वापरात नसलेली भोके बुजवावीत. हे नीटनेटकेपणासाठी सांगितलेले नाही. कॉन्टॅक्टरच्या दोन फेजांमध्ये वाळून चिकटलेली पाल हे पॅनेल जळण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. उबेसाठी पाली आत येतात, त्यांच्यामागे कधी सापही येतो, आणि गांधीलमाश्यांचे मातीचे घर वायुवीजनाची जाळी बंद करते.

५. कंट्रोलरला सप्लाय देणे

कंट्रोलर दोन किंवा तीन फेजवर चालणारा असेल तर काम सोपे आहे. २३० व्होल्टचा असेल तर न्यूट्रल कोठून आणायचा हा प्रश्न येतो, आणि सर्वांत घातक चूक येथे होते.

सावधान: अर्थला न्यूट्रल म्हणून वापरू नये. फेज आणि अर्थ यांच्यात कंट्रोलर चालतो, म्हणून अनेक जण तसेच ठेवतात. पण उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते, अर्थच्या रॉडभोवती पोकळी होते आणि अर्थचा रोध वाढतो. त्या वेळी कंट्रोलरचा करंट जमिनीत न उतरल्यामुळे पेटीच्या पत्र्यावर व्होल्टेज येतो. अनवाणी, ओल्या पायाने पेटीला हात लावणाऱ्याच्या ते जिवावर बेतते.

डीपीवरून (परिसराच्या वीज ट्रान्सफॉर्मरवरून) चौथी तार आलेली असली, तरी खेड्यातल्या लाइनवर ती सैल किंवा तुटलेली असण्याची शक्यता धरून चालावे. न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या उपकरणावर त्याहून बराच जास्त, कधी ४१५ व्होल्टच्या जवळपास, दाब येऊ शकतो. त्यापेक्षा ४१५ ते २३० व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर दोन फेजांवर बसवावा. त्याची व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमता ठरवताना कंट्रोलरसोबत कॉइलचाही हिशेब घ्यावा, आणि कॉइलचा धरून ठेवण्याचा व्हीए न घेता उचलण्याचा व्हीए घ्यावा. तो कित्येक पट जास्त असतो. ट्रान्सफॉर्मर लहान पडला तर कॉन्टॅक्टर उचलताना खडखडतो आणि कंट्रोलर रिसेट होतो. सेकंडरीचे एक टोक अर्थला जोडावे आणि कॉइलचे ए२ त्या टोकाला थेट जोडून सर्व बटणे व कॉन्टॅक्ट दुसऱ्या टोकाकडे घ्यावेत. तसे केले तर एखादी कंट्रोल वायर सोलवटून बॉडीला लागली, तरी मोटर आपोआप सुरू होत नाही.

सप्लायच्या प्रत्येक फेजमध्ये २ अँपिअरचा फ्यूज हवाच, आणि तो वायर जेथे मेन लाइनपासून फुटते तेथे हवा. मेन टर्मिनलवरून १ चौरस मिलिमीटरची वायर काढून फ्यूज कंट्रोलरजवळ लावला, तर मधली वायर बिनसंरक्षणाची राहते. तिच्यात शॉर्ट झाला तर मेनचा मोठा फ्यूज उडण्याआधी वायरच पेटते.

एप्रिल ते जूनमधल्या वळवाच्या पावसात विजा फार पडतात. इनकमिंगवर सर्ज प्रोटेक्टर बसवावा आणि त्याची अर्थ वायर शक्य तेवढी आखूड व सरळ ठेवावी.

६. फेज सेन्सिंग आणि सीटी

व्होल्टेज सेन्सिंगच्या वायरी कॉन्टॅक्टरच्या वरच्या, म्हणजे इनकमिंग बाजूवरून घ्याव्यात. खालच्या बाजूवरून घेतल्या तर मोटर बंद असताना कंट्रोलरला फेज दिसतच नाहीत आणि तो सुरू होण्याची परवानगीच देत नाही.

मात्र केवळ व्होल्टेज पाहणाऱ्या प्रिव्हेंटरवर (फेज गेल्यावर मोटर थांबवणाऱ्या उपकरणावर) विसंबून राहू नये. चालत्या मोटरचा एक फेज मागच्या फ्यूजला गेला, तर फिरती मोटर स्वतःच त्या तारेवर व्होल्टेज तयार करते. प्रिव्हेंटरला तिन्ही फेज असल्यासारखे वाटते. तेवढ्यात उरलेल्या दोन फेजांचा करंट साधारण पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग तापते. म्हणून करंट मोजणारा, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वायरमधला करंट मोजणारे कडे) असलेला कंट्रोलर घ्यावा.

सीटी कॉन्टॅक्टर आणि मोटर यांच्यामध्ये, प्रत्येक फेजची एकेक वायर आरपार ओवून बसवावेत. तिघांची दिशा एकच असावी. कंट्रोलरसोबत आलेलेच सीटी वापरावेत. दुसऱ्या कंपनीचा सीटी आकाराने जुळला तरी त्याचे गुणोत्तर जुळत नाही. लहान मोटरसाठी काही पुस्तिकांमध्ये वायर सीटीतून दोनदा ओवायला सांगितलेले असते. तसे केले की करंट दुप्पट दिसतो. सेटिंग त्या हिशेबाने करावे आणि दोन वेढे घेतल्याचे पेटीच्या दारावर लिहून ठेवावे, नाहीतर पुढचा वायरमन गोंधळतो.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये सीटी इनकमिंग लाइनवर बसवावेत. मोटरकडे जाणाऱ्या सहांपैकी तीन वायरींवर बसवले, तर तेथे लाइन करंटच्या ५८ टक्केच करंट असतो आणि सर्व सेटिंग चुकते.

सावधान: मोटर चालू असताना वेगळ्या सीटीची सेकंडरी वायर कधीही सोडू नये. उघड्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज तयार होतो.

सीटीच्या, पाण्याची पातळी पाहणाऱ्या इलेक्ट्रोडच्या आणि इतर सिग्नलच्या वायरी पॉवर केबलच्या जुडग्यात बांधू नयेत. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. पेटी लहान आहे ही सबब येथे चालत नाही, कारण विनाकारण ट्रिप होण्याच्या बऱ्याच तक्रारी याच जुडग्यातून निघतात.

कॅपॅसिटर कोठे जोडला आहे तेही पाहावे. तो सीटीच्या पुढे, मोटरच्या बाजूला असेल, तर सीटीला दिसणारा करंट मोटरच्या खऱ्या करंटपेक्षा कमी असतो. अशा वेळी ओव्हरलोडची सेटिंग नेमप्लेटच्या आकड्यावर ठेवली तर मोटरला पुरेसे संरक्षण मिळत नाही. कॅपॅसिटर सीटीच्या मागे, पण कॉन्टॅक्टरनंतरच घेता आला तर उत्तम.

७. आउटपुट कॉन्टॅक्ट कॉइलच्या वाटेत घालणे

कंट्रोलरच्या रिलेला कॉमन, एनओ (एरवी उघडे) आणि एनसी अशी तीन टोके असतात. बहुतेक कंट्रोलरमध्ये सर्व ठीक असताना रिले उचललेला असतो, म्हणजे कॉमन-एनओ जुळलेला असतो. हीच जोडी घ्यावी. कंट्रोलर जळला, त्याचा फ्यूज उडाला किंवा वायर निसटली, तर रिले पडतो आणि मोटर थांबते. एनसी घेतल्यास मेलेला कंट्रोलरही मोटर चालू ठेवतो.

हा कॉन्टॅक्ट स्टॉप बटणाच्या मालिकेत, होल्डिंग कॉन्टॅक्टच्या अलीकडे घालावा. नेहमीची चूक म्हणजे तो स्टार्ट बटणाच्या दोन टोकांना जोडणे. तसे केल्यावर मोटर सुरू होते म्हणून काम झाले असे वाटते; पण स्टॉप दाबला की ती थांबते आणि बोट उचलताच पुन्हा सुरू होते.

ऑटो स्टार्ट हवा असेल तर 'मॅन्युअल-बंद-ऑटो' असा तीन स्थितींचा सिलेक्टर स्विच घ्यावा. मॅन्युअलमध्ये स्टार्ट बटण आणि होल्डिंग काम करील. ऑटोमध्ये सिलेक्टर स्टार्ट बटणाला वळसा देईल. संरक्षणाचा कॉन्टॅक्ट, स्टॉप बटण आणि ९५-९६ या दोन्ही स्थितींत वाटेवर राहिलेच पाहिजेत. जुना ओव्हरलोड रिले 'आता कंट्रोलर आहे' म्हणून काढून टाकण्याची प्रथा पडली आहे. ती चुकीची आहे, दोन्ही ठेवावेत.

कॉइल ४१५ व्होल्टची आणि रिले २५० व्होल्टचा असेल तर तीन मार्ग आहेत: कॉइल बदलून ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टवर घ्यावी, मध्ये एक सहायक कॉन्टॅक्टर घालावा, किंवा आउटपुटची क्षमता ४१५ व्होल्टसाठी स्पष्ट लिहिलेला कंट्रोलर घ्यावा. पहिला मार्ग सर्वांत स्वच्छ आहे. एसी कॉइलला समांतर आरसी सप्रेसर लावला, तर कॉइल सोडताना उसळणारा व्होल्टेज कंट्रोलरपर्यंत पोहोचत नाही आणि रिलेचे कॉन्टॅक्टही टिकतात.

तपासणी: वीज अजून बंदच आहे. मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून आकृतीतली प्रत्येक वायर दोन्ही टोकांना तपासावी, फेरूलचा क्रमांक आकृतीशी जुळवावा आणि प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहावी. ओढल्यावर निघणारी वायर पुढे तापून निघणारच असते.

८. इलेक्ट्रोड आणि अर्थिंग

पाण्याची पातळी इलेक्ट्रोडने पाहायची असेल, तर खालचा इलेक्ट्रोड पंपाच्या वर पुरेशा अंतरावर असावा, पंपाच्या पातळीला नव्हे. इलेक्ट्रोडवर कंट्रोलर देतो तो सिग्नलच द्यावा. दुसऱ्या अडॅप्टरचा डीसी जोडला तर विद्युतविच्छेदनाने टोके खाल्ली जातात. आपल्याकडच्या पाण्यात क्षार जास्त असल्याने टोकांवर पांढरा थर चढतो आणि पाणी असूनही 'पाणी नाही' असे दिसते. खोल बोअरमध्ये सफाईसाठी इलेक्ट्रोड वर काढणे जिकिरीचे असते, त्यामुळे तेथे करंटवर चालणारे ड्राय रन संरक्षणच बरे.

पेटीची बॉडी, दार, डीआयएन पट्टी आणि ट्रान्सफॉर्मर यांची अर्थ वायर एकाच अर्थ पट्टीवर आणावी. अर्थच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहावे.

९. मोटर न जोडता पहिली चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. मोटरची केबल सुटलेलीच ठेवून, तिची टोके सुरक्षित झाकून, पेटीतली हत्यारे मोजून बाहेर काढावीत आणि मगच मेन चालू करावा. येथून पुढे पेटी जिवंत आहे, हे लक्षात ठेवावे.

आधी तिन्ही फेजांचे व्होल्टेज मोजून कंट्रोलरच्या आकड्यांशी जुळवावे. मग स्टार्ट दाबावा. कॉन्टॅक्टर स्वच्छ उचलला पाहिजे; करंट शून्य असल्यामुळे ठरलेल्या वेळाने कंट्रोलरने ड्राय रन किंवा अंडरलोड म्हणून तो पाडलाही पाहिजे. नाही पाडला तर सीटी, सेटिंग किंवा आउटपुटची जोडणी चुकली आहे. त्यानंतर मेन बंद करून एक फेजचा फ्यूज काढावा, पुन्हा चालू करावे आणि कॉन्टॅक्टर उचलत नाही हे पाहावे. असे तिन्ही फेजांसाठी करावे. शेवटी, अशाच पद्धतीने, कंट्रोलरच्या सप्लायचा फ्यूज काढून स्टार्ट दाबावा. कॉन्टॅक्टर हलता कामा नये.

यातली एकही चाचणी नापास झाली तर मोटर जोडू नये.

१०. मोटर जोडून सेटिंग करणे

पुन्हा तिसऱ्या टप्प्याप्रमाणे वीज बंद करून मोटर जोडावी. सुरू केल्यावर पाणी जेमतेम येत असेल, तर मोटर उलटी फिरत असण्याची शक्यता आहे. वीज बंद करून (डीओएल स्टार्टरमध्ये) मोटरकडच्या कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करावी. इनकमिंगवर अदलाबदल केली तर कंट्रोलरचा फेज क्रम उलटतो आणि तो सुरूच होऊ देत नाही.

बोअरमध्ये भरपूर पाणी असताना आणि व्होल्टेज नेहमीसारखा असताना क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजांचा करंट मोजावा. स्वतः शिकणाऱ्या (मोटरचा नेहमीचा करंट आपोआप नोंदवून घेणाऱ्या) कंट्रोलरचे कॅलिब्रेशनही याच वेळी करावे. लाइनच्या शेवटच्या टोकाला ३५० व्होल्टवर चाललेल्या मोटरचा करंट वाढलेला असतो. त्या वेळी कॅलिब्रेशन केले, तर चांगला व्होल्टेज आल्यावर करंट उतरतो आणि कंट्रोलरला बोअर कोरडे पडल्यासारखे वाटते. 'सारखा ट्रिप मारतो' या तक्रारीचे मूळ बहुधा हेच असते.

ओव्हरलोडची सेटिंग नेमप्लेटच्या फुल लोड करंटपेक्षा वर नेऊ नये. ड्राय रनची सेटिंग ठरवण्यासाठी भरल्या पाण्याचा करंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बराचसा मिटल्यावरचा करंट असे दोन आकडे घ्यावेत. समजा ते १२ आणि ८.५ अँपिअर आले, तर सेटिंग १० च्या आसपास येते. व्हॉल्व्ह काही सेकंदच मिटावा, पूर्ण बंद करू नये. आणि पाइप जुना असेल तर हा प्रयोग टाळून चालू करंटच्या ८० टक्क्यांवर सुरुवात करावी, कारण खोल बोअरच्या पंपाचा दाब जोड फोडू शकतो.

कमी व्होल्टेजची मर्यादा मोटरच्या पुस्तिकेवरून घ्यावी. पुस्तिकेत उणे १५ टक्के दिले असेल, तर ४१५ व्होल्टसाठी ती सुमारे ३५३ येते. फेजांमधल्या व्होल्टेजचा फरक थोडा वाटला तरी करंटमधला फरक टक्केवारीने त्याच्या सहा ते दहा पट होऊ शकतो. त्यामुळे असंतुलनावर ट्रिप होत असेल, तर सेटिंग सैल करण्याआधी फ्यूज, जोड आणि डीपीवरचा व्होल्टेज पाहावा. सिंगल फेजच्या वेळेत कॅपॅसिटर लावून मोटर 'टू फेज'वर चालवण्यासाठी कंट्रोलर वगळणे म्हणजे मोटर जाळण्याची तयारी करणे आहे.

११. ऑटो स्टार्टची वेळ

लाइट आल्याबरोबर एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, तर फ्यूज उडतात आणि डीपी जळण्याची वेळ येते. ऑटो स्विच टाळण्याचे आवाहन महावितरण करते ते याच कारणाने. ऑटो ठेवायचाच असेल तर ऑन-डिले (लाइट आल्यापासून मोटर सुरू होईपर्यंतचा थांबा) काही मिनिटांचा ठेवावा आणि त्याच डीपीवरच्या शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाची वेळ वेगळी ठरवावी. ड्राय रननंतर पुन्हा सुरू होण्याची वेळ बोअर भरण्याच्या गतीवर ठरवावी; पाच-पाच मिनिटांनी कोरड्या बोअरमध्ये मोटर सुरू करणारे सेटिंग ड्राय रन संरक्षणाचा हेतूच घालवते.

१२. दारावरची नोंद

आकृतीची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या आतून चिकटवावी. तिच्यावर भरल्या पाण्याचा तिन्ही फेजांचा करंट, त्या वेळचा व्होल्टेज, ओव्हरलोड व ड्राय रनची सेटिंग, सीटीतले वेढे आणि तारीख लिहावी. महिन्याभराने, पेटी तापून-निवून झाल्यावर, वीज बंद करून सर्व स्क्रू पुन्हा आवळावेत. फेब्रुवारीनंतर पाण्याची पातळी खाली गेली की चालू करंट पुन्हा मोजून नोंदवावा आणि गरज पडली तर ड्राय रनची सेटिंग त्याप्रमाणे बदलावी. पाऊस लागून बोअर भरल्यावर तीच सेटिंग पुन्हा तपासावी.